ओल, उतारा आणि विक्रीचा मुहूर्त

वाचकांचे प्रश्न : घर आणि जागा

पावसाळा ओसरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जून-जुलैमध्ये गळती थांबवण्याचे उपाय विचारणारे वाचक दसऱ्याच्या सुमारास घर विकण्यापूर्वी काय काय करून घ्यावे, असे विचारू लागतात. या वेळी बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातून आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. बहुतेकांनी नाव छापू नये अशी विनंती केल्यामुळे केवळ गावांचा उल्लेख केला आहे. कागदपत्रांविषयीची उत्तरे नेहमीप्रमाणे एका वकील स्नेह्यांच्या नजरेखालून घालून घेतली आहेत. तरीही प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी मूळ कागद आपल्या वकिलांना दाखवावेत.

प्रश्न : शहापूर भागात आमचे आजोबांच्या काळातले घर आहे. भिंती मातीच्या आणि दीड-दोन फूट जाडीच्या आहेत, वर मंगळुरी कौले आहेत, पुढे सोपा आणि मागे परसू आहे. पंधराएक वर्षांपूर्वी सोप्याच्या व माजघराच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून रंग दिला होता. आता त्या गिलाव्याचे पोपडे सुटत आहेत, पांढरी भुकटी पडते आणि श्रावणात घरात पाऊल टाकले की कुबट वास येतो. दिवाळीनंतर घर विकण्याचा विचार आहे. कंत्राटदार म्हणतात की चार फुटांपर्यंत टाइल्स बसवून वर पुट्टी आणि रंग मारू, गिऱ्हाइकाला काही कळणार नाही. खर्च अडीच लाख सांगितला आहे. तो करावा का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : करू नये. टाइल्स बसवल्याने ओल जात नाही. ती पाचव्या फुटावर जाऊन दिसते, आणि तोवर आपले अडीच लाख भिंतीला चिकटलेले असतात.

मातीची भिंत जमिनीतले पाणी थोडेफार वर ओढतेच, समईतली वात तेल ओढते तसे. पूर्वी मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असल्यामुळे हे पाणी दोन्ही अंगांनी हळूहळू उडून जात असे आणि भिंत कोरडी राहत असे. सिमेंटच्या गिलाव्याने ती वाट बुजवली. अडलेले पाणी वर चढू लागले, त्याच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाजवळ साचून त्यांचे स्फटिक झाले आणि त्यांच्या दाबाने गिलावा सुटू लागला. आपण जिला पांढरी भुकटी म्हणता तो हाच लोणा होय. सिमेंट वाईट आहे असे मुळीच नाही. मातीच्या भिंतीशी त्याचे जमत नाही, एवढेच.

मात्र लोणा हे लक्षण आहे. पाणी कोठून येते ते आधी शोधावे लागेल, आणि जुन्या गल्ल्यांतून त्याचे एक कारण बहुधा घराबाहेरच सापडते. मागे याच भागातील एका घरी पाहणीला गेलो असता तेथील आजींनी सांगितले की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा सोप्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या. आज तेथे एकच पायरी दिसते. बाकीच्या दोन डांबराखाली आहेत. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि घराचे जोते मात्र होते तेथेच राहिले. जे पाणी पूर्वी पायरीखालून गटारीत जात होते ते आता भिंतीच्या बुडाशी मुरते. आपल्याकडे असे झाले आहे का, ते पाहावे. त्यानंतर वळचणीखालची पन्हाळ फुटली आहे का, परसातील न्हाणीचे सांडपाणी भिंतीला लागून वाहते का आणि फुटकी किंवा सरकलेली कौले कोठे आहेत, हेही तपासावे.

हवेतील दमटपणा आणि भिंतीतील ओल यांतला फरक समजण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे दिसले तर ओल भिंतीतून येत आहे; खोलीकडच्या बाजूला दिसले तर खोलीत वारा खेळत नाही, असे समजावे.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा की आधी कौले आणि पन्हाळ, मग भिंतीलगतच्या पाण्याचा निचरा, आणि सर्वांत शेवटी गिलावा. ओलीची रेघ जेथपर्यंत पोहोचली आहे तिच्या वर फूटभरापर्यंत सिमेंटचा गिलावा काढून टाकावा, भिंत ब्रशने झाडून घ्यावी आणि तशीच उघडी ठेवून वाळू द्यावी. इतक्या जाड भिंतीला वाळायला आठवडे नव्हे, महिने लागतात, त्यामुळे हिवाळा-उन्हाळा हाती असलेला बरा. नंतर एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा गिलावा करून वर चुन्याची सफेदी द्यावी. प्लॅस्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग येथे नको. खर्च टाइल्सपेक्षा कमी येईल. वेळ मात्र जास्त लागेल, आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यासाठी चार ठिकाणी विचारावे लागेल. हे करताना तुळयांची भिंतीत गेलेली टोके स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावीत. लोण्यात सुरी जावी तसे टोक लाकडात सहज आत गेले, तर गिलाव्याआधी तुळईची काळजी घ्यावी लागेल.

आता विक्रीविषयी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. ओल टाइल्सखाली झाकणे म्हणजे दिसणारा दोष मुद्दाम न दिसणारा करणे होय, आणि ही गोष्ट नंतर अंगाशी येऊ शकते. शिवाय माझा अनुभव असा की शहापुरातील जुनी घरे घेणारे बरेच जण घर पाडून नवे बांधण्याच्या बेतानेच येतात. त्यांना भिंतीच्या रंगात रस नसतो. जागा किती आणि कागद कसा, एवढेच ते पाहतात. त्यामुळे छप्पर आणि निचरा यांपलीकडे खर्च करण्याऐवजी सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक काढून त्यातील क्षेत्र प्रत्यक्ष टेपने मोजून पाहावे. परसातील हातभर जागा शेजाऱ्यांकडे गेलेली असते आणि ती बहुधा विक्रीच्याच वेळी उघडकीस येते. शिसवी दार, देवघराची चौकट किंवा सागवानी तुळया आपल्याला ठेवायच्या असतील, तर संचकार, म्हणजे विसार, करतानाच तसे लिहून घ्यावे. लिहिले नाही, तर जे घराला जडलेले आहे ते घराबरोबर जाते.

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमचे गावठाणातले घर ग्रामपंचायतीच्या दप्तरात अजून आजोबांच्या नावावर आहे. वडील नऊ वर्षांपूर्वी वारले. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. बहीण चंदगडला दिली आहे. तिने पाच वर्षांपूर्वी शंभर रुपयांच्या बाँडवर ‘माझा हक्क नाही’ असे लिहून दिले आहे. वडिलांच्या आणि काकांच्या वाटणीचा कागद 1951 चा असून तो मोडीत आहे. आता गिऱ्हाईक आले आहे, पण सबरजिस्ट्रार कार्यालयात ई-खाते, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा संगणकीकृत उतारा, मागतात. आम्हा भावांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. कोठून सुरुवात करावी? (दोघे भाऊ, खानापूर तालुका)

उत्तर : सुरुवात बहिणीपासून करावी, कारण बाकी सर्व अडचणी फेऱ्या मारून सुटतात आणि ही मात्र न्यायालयात जाऊन बसते.

त्या बाँडवर विसंबून राहू नये. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडून देणारा दस्त नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 17 नुसार नोंदवावा लागतो. साध्या बाँडवर सही घेतल्याने हक्क सुटत नाही. मुलीच्या हक्काबाबत कर्नाटकाने हिंदू वारसा कायद्यात 1994 मध्येच दुरुस्ती लागू केली होती, केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून आली, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा प्रकरणात असा निकाल दिला की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानेच असतो. 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसल्यास, मुलगी आणि मुलगा समान वारस असतात. म्हणजे कोणत्याही वाटेने गेलात तरी बहीण वाटेत उभी आहेच.

साडीचोळी करून बहिणीची सही घ्यायची रीत आपल्या भागात जुनी आहे आणि तिला प्रेमाची बाजूही आहे. पण खरेदीदाराच्या वकिलांना साडीचोळी दिसत नाही, त्यांना दस्त दिसतो. बहिणीला खरोखर हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे. माझे मत विचाराल तर त्याहून सरळ मार्ग असा की बहिणीने आपल्या दोघांबरोबर विक्रेती म्हणून खरेदीपत्रावर सही करावी आणि तिचा हिस्सा तिच्या खात्यावर धनादेशाने जावा. खरेदीदारही निर्धास्त राहतो आणि भाऊबीजेला चंदगडला जाताना आपणासही संकोच वाटत नाही.

दप्तरात नाव आजोबांचे असल्यामुळे वारसा दोन पिढ्यांचा लावावा लागेल, म्हणजे आधी आजोबांचे वारस आणि मग वडिलांचे. येथे काका आणि असल्यास आत्या यांची नावे येतात, आणि म्हणूनच 1951 चा मोडी कागद जपून ठेवण्यासारखा आहे. हा भाग 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी मुंबई राज्यात असल्यामुळे जुन्या घरांच्या ट्रंकांतून मोडी आणि मराठी कागद निघतात, तर त्यानंतरचे दप्तर कन्नडमध्ये आहे. मोडी जाणणाऱ्या व्यक्तीकडून त्या कागदाचे लिप्यंतर करून घ्यावे आणि त्याचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर वकिलांना द्यावे. तो कागद आधी झालेल्या वाटणीची नुसती नोंद आहे की त्या कागदानेच वाटणी झाली, यावर त्याचे मोल ठरते. आधी झालेल्या वाटणीची आठवण म्हणून लिहिलेला कागद नोंदवलेला नसला तरी चालू शकतो. त्या कागदानेच वाटणी केली असेल तर नोंदणीचा प्रश्न येतो. हे मूळ शब्द वाचल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही, त्यामुळे मोडीची झेरॉक्स नव्हे, मूळ कागदच दाखवावा. मात्र तो कोणाच्याही ताब्यात देऊ नये.

यानंतर आजोबांचे आणि वडिलांचे मृत्यू दाखले काढावेत आणि वंशावळीचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, घ्यावा. ग्रामपंचायत हद्दीतील ई-खाते ई-स्वत्तू या ऑनलाइन मालमत्ता नोंद प्रणालीतून मिळते. गावठाणातील नियमित घरासाठी नमुना 9 आणि नमुना 11-ए मिळतात. अनियमित मालमत्तेचा नमुना 11-बी असतो आणि या दोन नमुन्यांतील फरक खरेदीदाराच्या बँकेला चांगला ठाऊक असतो. गावठाणातील जागेसाठी मोजणीचा नकाशा लागतो, आणि सर्वाधिक वेळ त्यातच जातो. म्हणून गिऱ्हाइकाकडून संचकार घेताना खरेदीपत्राची मुदत दोन महिन्यांची लिहून देण्याची घाई करू नये. आपल्या हातात नसलेल्या कामासाठी आपल्यावर मुदतभंगाचा आरोप यायला नको.

नावांविषयी एक सूचना करतो. कन्नड दप्तर, आधार कार्ड आणि जुने मराठी कागद यांत एकाच माणसाचे नाव तीन तऱ्हांनी सापडते. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत मराठी माणूस ‘डी-एन-वाय’ असे सुरू करतो आणि कन्नड उच्चाराप्रमाणे लिहिणारा ‘जे-एन’ असे. कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी, तर कोठे मुळीच नाही. अशी तफावत असेल तर ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. नोंदणीच्या दिवशी रांगेत उभे राहून ते करता येत नाही.

खरेदीपत्र बहुधा कन्नडमध्ये होईल. सही करण्यापूर्वी दस्तलेखकाशी संबंध नसलेल्या, कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तो सावकाश, ओळ न गाळता वाचून घ्यावा. आपल्याला कन्नड ऐकून समजते, ही मोठीच सोय आहे. विशेष लक्ष द्यावे ते चतुःसीमेकडे, जिला दस्तात चक्कुबंदी म्हणतात. पूर्वक्के कोणाचे घर, पश्चिमक्के कोणाची वाट, हे शब्द कानावर पडले की आपल्या अंगणात उभे राहून बोट दाखवता आले पाहिजे. एका घराच्या दस्तात दक्षिण आणि उत्तर यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. ती निस्तरायला चूक दुरुस्ती दस्त करावा लागला आणि त्यासाठी विकून मोकळ्या झालेल्या माणसाला पुण्याहून पुन्हा बोलवावे लागले.

प्रश्न : टिळकवाडीतील आमच्या 1990 च्या सुमारास बांधलेल्या घराच्या वरच्या स्लॅबचा गिलावा दोन ठिकाणी पडून आतील गंजलेल्या सळ्या दिसत आहेत. घर भाड्याने किंवा विकत द्यायचे आहे. ओळखीचे मेस्त्री म्हणतात की गिलावा मारून खाली पीओपीचे फॉल्स सीलिंग करू. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : फॉल्स सीलिंग अजिबात करू नये. गंज चढलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा घेते आणि आपल्या दाबाने काँक्रीट ढकलून पाडते. हे छताखाली झाकले तर पुढचा तुकडा कोणाच्या तरी डोक्यावर पडेपर्यंत कळणार नाही. आधी पूर्ण स्लॅबवर हातोडीने हलके ठोके देत फिरावे. जेथे बद्द, पोकळ आवाज येईल तेथपर्यंत बिघाड पसरला आहे, मग वरून गिलावा कितीही शाबूत दिसो. खालून टेकू लावून सैल काँक्रीट काढावे, सळईच्या मागील बाजूपर्यंत मोकळे करून गंज घासावा, गंजरोधक लेप द्यावा आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरावे. सळई खाऊन बारीक झाली असेल तर जोडसळई लागेल आणि ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच करावे.

हे सर्व गच्चीवरून येणारे पाणी थांबवल्यानंतरच करायचे आहे. गच्चीला साधारण शंभर फुटांस एक फूट उतार हवा. कोबा नव्याने केल्यास पाइपांची तोंडे बंद करून 48 तास पाणी साठवून ठेवावे आणि खाली उभे राहून पाहावे. ही चाचणी करू द्यायला जो ठेकेदार कां-कूं करील, त्याला काम देऊ नये.

प्रश्न : येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला 30 बाय 40 ची जागा आणि त्यावर अर्धवट बांधलेले दोन खोल्यांचे घर स्वस्तात मिळत आहे. मालक म्हणतात की शेतातली जागा असल्यामुळे रजिस्ट्रेशन होत नाही, तेव्हा बाँडवर लिहून आणि वटमुखत्यारपत्र करून देतो. शेजारच्या वीस-पंचवीस जणांनी असेच घेतले आहे. आम्ही चिकोडीकडून नोकरीनिमित्त बेळगावला आलो आहोत, भाडे भरून कंटाळलो आहोत. घ्यावे का? (एक दांपत्य, बेळगाव)

उत्तर : भाडे भरून आलेला कंटाळा मला समजतो, तरीही घेऊ नये.

शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते; हे 1882 च्या कायद्यातच, कलम 54 मध्ये, सांगितले आहे. बाँड आणि वटमुखत्यारपत्र यांच्या जोरावर केलेल्या विक्रीने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्ये स्पष्ट केले. शेजारी पंचवीस जणांनी तसे घेतले याचा अर्थ पंचवीस जण त्याच अडचणीत आहेत. पहाणीवर, म्हणजे आपण ज्याला उतारा म्हणतो त्यावर, नाव मूळ शेतकऱ्याचेच राहते. तो वारला की त्याच्या मुलांची आणि मुलींची नावे येतात, आणि त्यांपैकी कोणीही आपल्याला ओळखत नसते. बँक अशा जागेवर कर्ज देत नाही, आणि उद्या आपल्याला विकायची वेळ आली तर आपणही बाँडच करून द्याल.

रीतसर जागा पाहताना बिनशेतीचा आदेश, बुडाने, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने, मंजूर केलेला लेआउटचा नकाशा, ई-खाते आणि मालमत्ता बोजाविरहित असल्याचा दाखला, म्हणजे ईसी, हे सर्व मागावे. कर्नाटकात ऑक्टोबर 2024 पासून शहरी हद्दीतील मालमत्तेच्या नोंदणीसाठी ई-खाते आवश्यक केले आहे. ईसी नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून निघतो. वकील साधारण तीस वर्षांचा मागतात, म्हणून जुन्या वर्षांसाठी कार्यालयात जावे लागेल. मात्र ईसीवर केवळ नोंदलेले व्यवहार दिसतात. कोणी तोंडी वाटणी केली आहे का, दावा चालू आहे का, हे त्यातून कळत नाही, आणि म्हणून संचकारापूर्वी वर्तमानपत्रात वकिलांमार्फत जाहीर नोटीस देण्याची आपल्याकडची पद्धत शहाणपणाची आहे. ती मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वर्तमानपत्रांत द्यावी.

खर्चाचा अंदाज आधीच बांधावा. मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावरील उपकर आणि अधिभार धरून शहरी हद्दीत 5.6 टक्के होते, आणि नोंदणी फी 31 ऑगस्ट 2025 पासून 1 वरून 2 टक्के झाली आहे. म्हणजे 40 लाखांच्या घराला 3 लाख 4 हजार रुपये केवळ सरकारी खर्च येतो, आणि तोही ठरलेली किंमत किंवा सरकारी मार्गदर्शक दर यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर. रोख वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम संचकार म्हणूनही देऊ नये वा घेऊ नये. आयकर कायद्याने त्यास मनाई आहे. किंमत 50 लाख किंवा अधिक असल्यास घेणाऱ्याने 1 टक्का कर कापून भरायचा असतो, हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळते.

कागद बाजूला ठेवून जमिनीकडेही पाहावे. बेळगावच्या पश्चिमेकडे तांबडी माती आणि जांभा आहे, पण वडगाव, शहापूर, येळ्ळूर या शिवाराकडे भाताची काळी जमीन लागते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो. पाया उथळ असेल तर हे फुगणे-आक्रसणे घरापर्यंत पोहोचते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर जाते. आपण जे अर्धवट बांधकाम पाहिले त्याच्या खिडक्यांचे कोपरे तपासले असते, तर मालकाला बांधकाम का थांबवावे लागले याचा कदाचित उलगडा झाला असता. अशा जमिनीत पाया हलत्या थराच्या खाली न्यावा लागतो, काळी माती काढून मुरूम भरावा लागतो किंवा योग्य प्रकारचे पाइल घ्यावे लागतात, आणि स्वस्त जागेचा स्वस्तपणा तेथेच संपतो. त्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात याच शिवारात पसरते. म्हणून या बाजूची कोणतीही जागा, कागद कितीही चोख असले तरी, एकदा भर पावसात जाऊन पाहावी आणि शेजाऱ्यांच्या भिंतीवर गढूळ पाण्याची रेघ कोठवर आहे ते बघावे. मालक काय सांगतो ते ऐकून घ्यावे. रेघ मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

प्रश्न : निपाणीतील घर 1996 मध्ये घेतले आणि 2008 मध्ये वर मजला चढवला. निवृत्तीनंतर आता पुण्यात मुलाजवळ राहतो. घर विकल्यावर कर किती बसेल? रंगकाम आणि दुरुस्तीचा खर्च वजा होतो का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचे असल्यामुळे खरेदी किमतीऐवजी त्या तारखेचे बाजारमूल्य धरण्याची मुभा आपल्याला आहे, मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून तसा अहवाल घ्यावा. हे मूल्य त्या तारखेच्या सरकारी दराहून अधिक धरता येत नाही. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक न लावता 12.5 टक्के किंवा निर्देशांक लावून 20 टक्के, यांपैकी ज्या हिशेबाने कर कमी येईल तो भरता येतो. दोन्ही हिशेब सनदी लेखापालांकडून करून घ्यावेत. इतक्या जुन्या घराच्या बाबतीत निर्देशांकाचा हिशेब सोयीचा ठरण्याची शक्यता बरीच असते.

वरचा मजला ही सुधारणा आहे, तिचा खर्च वजा होतो. रंगकाम, गळती, फुटक्या फरश्या ही देखभाल आहे, ती वजा होत नाही. अडचण अशी की 2008 मध्ये मजला बांधताना बिले जपून ठेवणारे लोक मला फारसे भेटलेले नाहीत. नगरपालिकेची बांधकाम परवानगी, त्या वर्षीचे बँक पासबुक आणि कर्जाची कागदपत्रे शोधावीत. पुण्यात दुसरे घर घेणार असाल तर विक्रीपूर्वी एक वर्ष ते विक्रीनंतर दोन वर्षे या काळात, किंवा बांधणार असाल तर तीन वर्षांत, नफ्याची रक्कम त्यात गुंतवून कर वाचवता येतो. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरले नसेल, तर ती रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी. बचत खात्यात ठेवल्यास सवलत हातची जाते.

प्रश्न : घर विकले, खरेदीपत्र झाले, पण वीज मीटर अजून आमच्याच नावावर आहे. घेणाऱ्यांचे म्हणणे आहे की ‘गृहज्योती’ योजनेची मोफत विजेची सवलत चालू आहे, कशाला बदलायचे? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : बदलावेच. हेस्कॉम या वीज कंपनीच्या दप्तरात तो आर.आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, आपल्या नावावर आहे, त्यामुळे थकबाकीची नोटीस आपल्याच नावे येते. नव्या मालकांनी नोंदणीकृत खरेदीपत्र आणि नव्या नावाचे खाते जोडून नाव बदलण्याचा अर्ज करावा, आणि सवलतीसाठी स्वतःच्या नावाने नव्याने नोंद करावी. घरपट्टी आणि पाणीपट्टीचेही असेच आहे. चावी दिली त्या दिवशीचे मीटरचे वाचन आपण लिहून ठेवले नसेल, तर आजचे वाचन दोघांच्या समक्ष मोबाइलवर फोटो काढून ठेवावे आणि त्याच फोटोत आर.आर. नंबरची पट्टी दिसेल अशी काळजी घ्यावी.